सगुणेचा टाका आणि सुएझचा कालवा

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते गादी उन्हात टाकायचं. कापसाची जुनी जड गादी. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला माझी बायको सगुणा. सोप्यातून अंगणात नेईपर्यंत तिनं दोनदा खाली ठेवायला लावली. दम तिलाच लागला होता, पण मला म्हणाली, "धापा टाकताय, टेका जरा." आत टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या. तिकडं समुद्रात पुन्हा मारामारी, जहाजांवर बाँब, जहाजं कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घालून निघालेली. गादीवर काठी हाणत ती म्हणाली, "तुमचा कालवा परत बंद पडला वाटतं." मी म्हटलं, "माझा कुठला? शेठचा." शेठ म्हणजे आमचे जुने मालक, हळदीचे व्यापारी. चार वाजता ती गेली. डॉक्टर आला तो नुसता कागद लिहायला.

ह्या अंकाच्या संपादकांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं की पेवांवर लिहा, लुप्त होत चाललेला धंदा आहे. लुप्त म्हणजे काय ते मी नातवाला विचारलं. तो म्हणाला, संपलेला. मग 'होत चाललेला' कशाला म्हणायचं? संपलाच की. माझी शाळा चौथीपर्यंत. हे मी लिहिलंय आणि नातवानं शुद्ध केलंय. जिथं त्यानं फार शुद्ध केलं तिथं मी पुन्हा खोडलंय.

धंद्याचं सांगतो. पण त्याच्याबरोबर दुसरं एक सांगायचं आहे, ते आधीच सांगून मोकळा होतो. सगुणा हळद निवडणाऱ्या बायकांची मुकादम होती. तिनं पास केलेल्या पोत्याचं तोंड ती स्वतःच्या हातानं सुतळीनं शिवायची. तो टाका बघून सांगलीच्या पेठेत पोतं न उघडता माल घेत होते. त्या टाक्याला पंच्याहत्तर साली डाग लागला. पेठ म्हणाली, बाई चुकली. बाई चुकली नव्हती. कोण चुकलं ते मला ठाऊक आहे, कारण तो मीच.

आता पेव म्हणजे काय. भलामोठा रांजण जमिनीत गळ्यापर्यंत पुरला तर कसा दिसेल, तसा खड्डा. तोंड एक माणूस उतरेल एवढंच. पोट मात्र शेठसारखं. वीस-पंचवीस फूट खोल. आमच्या हरिपूरची माती अशी, की खणलं तर ढासळत नाही आणि पाणी झिरपू देत नाही. आत चौफेर उसाचं पाचट लावायचं, त्यावर चटया, आणि मग हळद सुटी ओतायची. भरलं की तोंडावर फरशी, फरशीवर माती. वर कुत्रं झोपलेलं असायचं आणि खाली दोनेकशे पोती. वारा नाही, ऊन नाही, भुंगा नाही. चार-पाच वर्षांनी काढली तरी हळद कालच भरल्यासारखी.

ह्याचे दोन नियम. पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही. आतली हवा मेलेली असते. सकाळी तोंड मोकळं करायचं, दुपारी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर आपण वरच बसायचं. हा नियम सगळे पाळत, कारण न पाळणारे पुन्हा सांगायला येत नसत. दुसरा नियम, उघडलेलं पेव रिकामंच करायचं. एकदा वारा आत गेला की पुन्हा मिटायचं नाही. हा नियम मोडला तर माणूस मरत नाही, म्हणून तो मोडता येतो.

मी उतरणारा. खाली पाट्या भरायच्या, वरची दोघं दोरीनं ओढणार. माझ्या हातचं पेव कधी खराब निघालं नाही, हे मी छाती ठोकून सांगत असे. आता एक सोडून म्हणतो.

आमच्या शेठची हळद मुंबईच्या बंदरातून विलायतेला जायची. सदुसष्ट साली मिसर आणि इस्रायलची लढाई झाली आणि मधला सुएझचा कालवा बंद झाला. जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली. दिवस वाढले, भाडं वाढलं. शेठ म्हणाले, आज ना उद्या उघडेल, तोवर माल पेवात राहू दे. आज ना उद्या म्हणता म्हणता आठ वर्षं गेली. आठ वर्षं त्या माणसानं दुसरं काही बघितलं नाही. पेढीवर गणपतीच्या तसबिरीशेजारी जगाचा नकाशा आला. त्यावर टाचण्या. मुंबईहून जहाज सुटलं की शेठ रोज सकाळी पूजा झाल्यावर टाचणी बोटभर पुढं सरकवायचे. जहाजाच्या कप्तानाला तेवढी घाई नसेल.

आणि रेडिओ. पेढीवरचा रेडिओ शेठनी पेवापाशी आणला. बातम्या लागल्या की काम थांबवायचं, कुणी बोलायचं नाही. एकदा मी खाली, गळ्याइतक्या हळदीत, पाटी भरून दोरीला हिसका देतोय आणि दोरी हालत नाही. बातम्या चालल्या होत्या. वरून नुसता आवाज येतोय की ह्या देशाचे मंत्री त्या देशाच्या मंत्र्यांना भेटले. ते भेटून, चहा पिऊन, आपापल्या गावाला जाईपर्यंत मी पेवात. वर आल्यावर दोरीवाल्याला शिवी घातली तर तो म्हणतो, "गड्या, बोलणी लय नाजूक चालल्यात."

पेठेतल्या हमालापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना त्या कालव्याचं कळत होतं. आम्हा लोकांना कालवा म्हणजे पाटबंधाऱ्याचा. काही जणांचं म्हणणं, पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला हाताशी धरलं तर काम होईल. आमच्या गल्लीत एक निवृत्त सुभेदार होते. आपली फौज तिकडं शांतता राखायला गेली होती, तिच्यात ते होते. त्यांनी कालवा डोळ्यांनी बघितलेला. पारावर बसून काठीनं मातीत रेघ मारून ते सांगायचे, की दोन्ही अंगाला वाळू आणि मधून पाणी. एकानं विचारलं, काठाला ऊस केवढा? सुभेदार म्हणाले, ऊस नाही, गवताची काडी नाही.  मग तो विचारणाराच म्हणाला, "एवढं पाणी आन् ऊस न्हाई. भांडणार न्हाईत तर काय करतील?" इतकी वर्षं टीव्हीवर शहाणी माणसं बोलताना ऐकतोय, पण ह्याच्यापेक्षा बरं कारण कुणी दिलेलं नाही.

सुभेदार असंही सांगायचे, की लढाई लागली तेव्हा काही जहाजं कालव्यातच अडकली. ना मागं ना पुढं. वर्षानुवर्षं वाळू बसून ती पिवळी झाली. मी घरी येऊन हे सगुणेला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मंजी हळद लावून बसल्यात आन् लगीन लागंना." दुसऱ्या दिवशी हे तिनं बायकांत सांगितलं आणि त्या दिवशी निवडणी झाली ती निम्मीच, उरलेला वेळ हसण्यात गेला.

तिचं काम बघायचं होतं तुम्ही. बारा बायका ओळीनं बसलेल्या, पुढं हळदीचे ढीग, आणि ही हातात हळकुंड घेऊन फिरणार. कानाजवळ धरून मोडायची. कट्ट असा आवाज आला तर ठीक. आवाज मेलेला आला की तो सगळा ढीग परत. डोळ्यानं बघायचीच नाही. शेठचा पुतण्या एकदा म्हणाला, माल तर छान दिसतोय. ती म्हणाली, "दिसायला तुमीबी छान दिसता." ढीग परतच गेला. शेठ तिला काही म्हणत नसत, कारण पेठेत गिऱ्हाईक पहिल्यांदा पोत्याचं तोंड बघायचं. तिचा टाका असला की खाली बसून बिडी पेटवायचं.

त्र्याहत्तरला तिकडं पुन्हा लढाई झाली. मग थांबली. चौऱ्याहत्तरच्या सुरुवातीला रेडिओवर आलं की फौजा कालव्यापासून मागं सरकल्यात. शेठना वाटलं, झालं. फौजा मागं म्हणजे जहाजं पुढं. सत्यनारायण घातला. भटजींनी विचारलं, संकल्प काय सोडायचा? शेठ म्हणाले, कालवा. भटजींनी तसा सोडला. प्रसाद हातावर असतानाच शेठनी मला सांगितलं, "धोंडीराम, उद्या मोठं पेव उघड."

उघडलं. कंदील सोडला, जळाला, उतरलो. दोन दिवस काढणी झाली, वरचा थर निघाला. तिसऱ्या दिवशी रेडिओ म्हणाला, कालव्याच्या तळाला बाँब पडलेत, बुडालेली जहाजं पडलीत, सगळं साफ करायला वर्षभर तरी लागेल. शेठनी रेडिओ बंद केला. मला म्हणाले, "मिटून टाक."

मी म्हणालो, "शेठ, उघडल्यालं पेव मिटत न्हाईत."

"माती तर टाकायची आहे. त्यात काय शिकायचंय?"

"वारा गेलाय आत."

"वाऱ्याला काय कालव्यातून यावं लागतं? मिट म्हणतो ना."

आम्ही राहत होतो ती खोली शेठची होती. पोरगं शाळेत जात होतं. मी मिटलं. नवं पाचट लावलं, चटया बदलल्या, जीव ओतून मिटलं. वाईट काम चांगलं केलं की जरा बरं वाटतं माणसाला. त्या उन्हाळ्यात वळीव बेकार पडला. रात्रंदिवस मी पेवाकडं बघत नसे, आणि मनात दुसरं काही नसे.

पंच्याहत्तरच्या उन्हाळ्यात कालवा खरंच उघडला. शेठनी पेढे वाटले. पेठेत लोक एकमेकांचं अभिनंदन करत होते, जसं काही खोदायला हेच गेले होते. मोठं पेव उघडलं. कंदील खाली सोडायच्या आधीच वास माझ्या नाकात आला. वरचं चार हात ओलसर, बुरशीचं. खाली भुंगा. निम्मं चांगलं, निम्मं गेलेलं.

सगुणेनं पहिलं हळकुंड मोडलं आणि माझ्याकडं बघितलं. घरी आल्यावर विचारलं, "मधी उघडलं हुतं?" मी मान डोलावली.  चार दिवस बारा बायकांनी तो डोंगर निवडला. चांगलं अलग, खराब अलग. चांगल्याची पोती तिनं शिवली. खराब ढीग गोठ्याच्या अंगाला टाकला. शेठना म्हणाली, ह्यो उकिरड्यावर घाला, न्हाईतर रंगवाल्याला द्या, खाणाऱ्याला देऊ नका. शेठ म्हणाले, बरं.

त्या दिवशी संध्याकाळी बायका गेल्यावर शेठनी मला थांबवलं. जहाजावर जागा ठरली होती, पोती कमी पडत होती. कालव्यातून जाणारं पहिलं जहाज, ते सोडायचं कसं? खराब माल घोळून, चमक आणून, चांगल्यात मिसळायचा होता. ते काम दुसऱ्या दोघांनी केलं. पोती शिवायला मात्र सगुणेचा टाका पाहिजे होता. तो टाका पेठेत दोघांनाच येत होता. एक तिला, आणि दहा वर्षं शेजारी बसून बघितल्यामुळं मला.

मी शिवला. तोंड दुमडायचं, दोन लांब टाके, एक आखूड, मग वळवून गाठ. चाळीस-पन्नास पोती मी शिवली. हात कुठं अडखळला नाही, हे लिहायला हवं.

पूर्वी आमचा माल पोचायला महिनेच्या महिने लागायचे. चांगला होता तरी कुणाला घाई नव्हती. आता कालवा उघडला होता. खराब माल भर्रकन पोचला आणि त्याहून भर्रकन त्याचं पत्र आलं. आठ वर्षं ज्याची वाट बघितली त्या कालव्यातून पहिली गोष्ट गेली ती शेठची अब्रू, आणि वाटेत कुठं थांबलीसुद्धा नाही.

मुंबईचा दलाल आला. पेढीवर बसला. त्यानं पिशवीतून पोत्याच्या तोंडाचा कापलेला तुकडा काढला, टाक्यासकट. विलायतेहून आलेला. शेठनी तो हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाले, आमच्या मुकादमबाईचा टाका. पेव उत्तम होतं. निवडणीत हयगय झाली. बायका आहेत, गप्पा मारत बसतात. त्यांनी सगुणेला बोलावणं धाडलं. ती सूप हातात घेऊनच आली, डोईवर पदर, मागं तिच्या बायका दारात.

शेठनी मला विचारलं, "काय रे धोंडीराम, पेव नीट होतं ना?"

मी म्हणालो, "व्हय शेठ. नीट हुतं."

सगुणेनं शेठच्या हातातला तुकडा मागून घेतला. गाठीवरून अंगठा फिरवला. एकदा, मग पुन्हा. मला वाटलं, आता बोलेल. ती बोलली असती तर मी खाली मान घालून कबूल केलं असतं, असं मी पुढं पन्नास वर्षं स्वतःला सांगत आलो. तिनं तुकडा परत दिला, सूप भिंतीला टेकवलं आणि निघून गेली.

त्यानंतर ती निवडणीला कधी गेली नाही. लोकांच्या शेतावर भांगलायला गेली, म्हशी राखल्या, शेण्या थापल्या. पेठेत नवी मुकादम आली. कुणी चुकून सगुणेचं नाव काढलं की म्हणत, हात चांगला होता, पण शेवटी फसवलंच. शेठनी खोली तशीच ठेवली आणि दिवाळीला मला धोतरजोडी दिली. मी ती नेसलो. तिनं धुतली. घरात ह्या विषयावर आम्ही दोघं कधी एक शब्द बोललो नाही. भांडलो, हसलो, पोराचं लग्न केलं, सगळं केलं. पुढं महापुरात नदी पेवांत शिरली, पेवं बसली, शेठ वारले. तेव्हा बोलता आलं असतं. पण माणूस म्हणतो, आता कशाला. आणि आता कशाला म्हणायला दर वर्षी काही ना काही कारण सापडतं.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घरात पाहुणे झोपलेले असताना मी सदरा घातला आणि बाहेर पडलो. सुतकात कुणाच्या दारात जाऊ नये. मी रिक्षा केली आणि मार्केट यार्डात गेलो. हळदीचा सौदा चालू व्हायचा होता. शेठचा नातू गाळ्यात होता, कानाला फोन. त्याला सगळं सांगितलं. पेव, टाका, दलाल. पोरगं भलं. फोन खाली ठेवून ऐकलं. म्हणालं, "आजोबा, कोणत्या सगुणाबाई?" मग मी ढिगांपाशी उभ्या असलेल्या आडत्यांना विचारलं, जुन्या दिसणाऱ्या हमालांना विचारलं. कुणालाच ती ठाऊक नव्हती. डाग पुसायला गेलो तर कापडच उरलं नव्हतं.

तिच्या बायकांपैकी एकच जिवंत आहे, हसीनाबी. सगुणेच्या उजव्या हाताला बसायची. तिच्या घरी गेलो. ती दारात बाजेवर बसली होती. मी रस्त्यावरच उभा राहिलो आणि म्हणालो, "सगुणा गेली काल." तिनं तोंडावर पदर घेतला. तिचं रडणं थोडं निवेपर्यंत थांबलो आणि मग ते सांगितलं. पोती मी शिवली होती म्हणालो.

"ते काय आता सांगतूस, धोंडीभाऊ," ती म्हणाली. "आमी दारात हुतो की. तिची गाठ डाव्या अंगाला पडायची. त्या तुकड्यावर उजव्या अंगाला हुती. बाराजणींनी बघितलं."

"मग बोलला का न्हाई?"

"निघालो हुतो बोलायला. तिनंच वाटेत अडवलं. म्हणली, त्यो बोलंल. त्याला बोलू द्या." हसीनाबीनं डोळे पुसले. "लय वर्षं इचारायची मी तिला, बोलला का गं. म्हणायची, न्हाई अजून."

मी जायला वळलो.

"आन् मला कशाला सांगाय आलास?" ती म्हणाली. "तिला सांगायचं हुतंस. काल दुपारपतुर हुती की ती."

मी तिथून निघालो तो रिक्षा न करता चालत घरी आलो. अंगणात रात्री उशिरा निजलेले पाहुणे आत्ता कुठं दात घासत होते. पोरगा पुढं आला, म्हणाला, "आबा, सुतकात कुठं गेला हुता?" मी त्याला बस म्हणालो. सुनेला बाहेर बोलावलं, नातवाला उठवलं, पाहुण्यांना म्हणालो, तोंडं धुवून या आणि सगळे इथं बसा. ते बसले. तिच्या माहेरचे होते, माझे होते, गल्लीतले होते. मी उभा राहून सांगायला सुरुवात केली, की पंच्याहत्तर साली एका संध्याकाळी शेठच्या गोदामात मी काय केलं.